एम-बँड ०.८ : टेकडीवरची एकटी पोफळ

पत्र :

माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत. फोंडा तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे आणि अजूनही सकाळी पाणी लावायला तेच जातात. सात वर्षांपूर्वी कमरेवर आणि मांड्यांवर चट्टे उठले. दोन वर्षं गजकर्ण म्हणून मलमं झाली, मग तिसऱ्या बायोप्सीत मायकोसिस फंगॉइडिस निघाला, म्हणजे त्वचेचा टी-पेशींचा लिम्फोमा. टप्पा १-बी, म्हणजे सुरुवातीचा, सांगितला. सध्या आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट आणि नॅरोबँड यूव्हीबीचे शेक चालू आहेत. चट्टे बरेच निवळलेत.

गेल्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत ग्लोब्युलिन वाढलेलं दिसलं म्हणून पुढच्या तपासण्या केल्या. एकूण प्रथिनं ८.३, अल्ब्युमिन ३.६, ग्लोब्युलिन ४.७. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये गॅमा भागात एम-बँड ०.८. इम्युनोफिक्सेशनमध्ये, म्हणजे एम-बँड कुठल्या प्रतिपिंडाचा हे पाहणाऱ्या तपासणीत, आयजीजी कप्पा. आयजीजी २२८०, आयजीए ५२०, आयजीएम ९५, आयजीई २४००. हिमोग्लोबिन १३.१, कॅल्शियम ९.३, क्रिएटिनिन १.०.

ओळखीच्या एकांनी रिपोर्ट पाहून सांगितलं, हा मायलोमा, दुसरा कॅन्सर. मामा म्हणतो, प्रतिपिंडं वाढली म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली, चांगलंच झालं. खरं काय? रोग रक्तात उतरलाय का? बोन मॅरो तपासायची का? मेथोट्रेक्सेट बंद करायचं का? आयजीई एवढं वाढलंय म्हणून आम्ही बाबांची मासळी बंद केली आहे, ते तरी बरोबर आहे ना?

— एक मुलगी, फोंडा

उत्तर :

ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून याला मायलोमा, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, म्हणता येत नाही. मामांचं म्हणणंही बरोबर नाही. बाबांच्या रक्तात दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी दिसताहेत आणि रिपोर्टात त्या एकमेकींत मिसळल्यात. त्या सुट्या केल्या की तुमच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप वेगळी होतील.

इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद हातात घ्या. त्यावर डोंगररांगेसारखी एक रेघ असेल. रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात सोडली की ती आपापल्या वेगाने पुढेमागे होतात आणि त्यांचे गट पडतात. एका टोकाचा उंच निमुळता डोंगर अल्ब्युमिनचा, मग अल्फा-१, अल्फा-२, बीटा, आणि दुसऱ्या टोकाला गॅमा. आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई या प्रतिपिंडांच्या जाती; त्यांतली आयजीजी मुख्यतः या गॅमात असतात. निरोगी माणसाची गॅमा म्हणजे बुटकी, पसरट टेकडी. तिच्यात असंख्य वेगवेगळ्या पेशींनी बनवलेली असंख्य प्रकारची प्रतिपिंडं असतात, प्रत्येकाचा वेग थोडा निराळा, म्हणून ती पसरट. बाबांच्या कागदावर ही टेकडी फुगलेली दिसेल आणि तिच्या माथ्यावर एक बारीक, सरळ सुळका असेल, टेकडीवर एकटीच पोफळ उभी असावी तसा. तो एम-बँड. एकाच प्लाझ्मा पेशीच्या वंशाने काढलेलं, अगदी एकाच साच्याचं प्रतिपिंड सगळं एका जागी जमलं की असा सुळका उभा राहतो.

आता एक साधी वजाबाकी करा. ग्लोब्युलिन ४.७. त्यातून सुळक्याचे ०.८ काढले तरी ३.९ उरतात, आणि साधारण ३.५ च्या आत असायला हवं. म्हणजे सुळका नसता तरी बाबांचं ग्लोब्युलिन वाढलेलंच दिसलं असतं. दुसरी खूण याहून पक्की आहे. सुळका आयजीजी जातीचा, त्यातल्या कप्पा प्रकारचा आहे. आयजीजी बनवणारा एक वंश आयजीए ५२० वर नेऊ शकत नाही आणि आयजीई २४०० वर तर नाहीच. तेव्हा टेकडीचं फुगणं आणि पोफळीचं उगवणं या दोन घटना आहेत. पहिलीला बहुवंशी वाढ म्हणतात, दुसरीला एकवंशी. 'अँटिबॉडी वाढल्या' या एका वाक्यात दोन्ही कोंबल्या की गोंधळ होतो.

टेकडी का फुगते, ते पाहू. प्रतिपिंडं टी-पेशी बनवत नाहीत, ती बी-पेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी बनवतात. पण त्यांना हुकूम देणाऱ्या मदतनीस टी-पेशी असतात, आणि मायकोसिस फंगॉइडिसमध्ये बिघडलेली पेशी बहुधा याच मदतनीस जातीची, पृष्ठभागावर सीडी-४ ही खूण असलेली असते. रोगाच्या पेशी इंटरल्युकिन-४, ५, १३ अशी रसायनं सोडतात. चौथं आणि तेरावं बी-पेशींना आयजीई बनवायला लावतं, पाचवं इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढवतं. सेझरीच्या, म्हणजे याच गटातल्या रक्तात उतरलेल्या लिम्फोमाच्या, पेशी बी-पेशींना प्रतिपिंडं बनवायला खरोखर मदत करतात, हे १९७६ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. म्हणजे कॅन्सर टी-पेशींचा आणि वाढ दिसते बी-पेशींच्या मालात, यात विसंगती काही नाही. मुकादमच बहकला की मजूर निरोगी असूनही नको तिथे खणत सुटतात, तसं हे आहे.

पण इथे थोडं थांबायला हवं. रसायनांचा हा लोट रोग पुढे सरकल्यावर, विशेषतः अंगभर लाली आलेल्या किंवा रक्तात पेशी उतरलेल्या रुग्णांत, जोरात दिसतो. बाबांचा टप्पा १-बी आहे आणि चट्टे निवळताहेत. तेव्हा २४०० आयजीईचं सगळं खापर लिम्फोमावर फोडून मोकळं होऊ नये. दुसरं कारण शोधायला हवं. त्याकडे मागाहून येतो, कारण तुमच्या मासळीचा प्रश्न तिथेच आहे.

सुळक्याबद्दल. पन्नाशीनंतरच्या लोकांत शंभरातल्या तिघांना, सत्तरीनंतर शंभरातल्या पाचांना असा एम-बँड सापडतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. याला एमजीयूएस म्हणतात, म्हणजे 'अर्थ न ठरलेली एकवंशी गॅमोपॅथी'. हे नाव १९७८ मध्ये रॉबर्ट काइल या डॉक्टरांनी दिलं. त्याच्या अटी तीन : एम-बँड डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या खाली, बोन मॅरोत बिघडलेल्या प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांच्या खाली, आणि शरीराला इजा झाल्याची कोणतीही खूण नाही. इजा म्हणजे चार गोष्टी : कॅल्शियम ११ च्या वर, क्रिएटिनिन २ च्या वर, हिमोग्लोबिन १० च्या खाली, हाडांना भोकं. बाबांचं कॅल्शियम ९.३ आहे. अल्ब्युमिन ३.६ असल्याने दुरुस्त करून ९.६ धरा, तरी ठीकच. क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनही सुरक्षित. त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाच्या रुग्णांत एम-बँड सापडल्याच्या नोंदी कित्येक दशकांपासून आहेत. मदतनीस पेशींच्या सततच्या चिथावणीने एखादा वंश पुढे निघत असावा असा तर्क आहे. पण ६३ वर्षांच्या माणसात तो निव्वळ वयानेही असू शकतो, आणि बाबांच्या बाबतीत कुठला हे कुठल्याही तपासणीने सांगता येणार नाही. उपचाराच्या दृष्टीने त्याने फरकही पडत नाही.

मग हा कॅन्सर आहे का? आज नाही. पुढे होऊ शकतो का? एमजीयूएस असलेल्या सगळ्यांचा विचार केला तर वर्षाला साधारण १ टक्का लोकांत तो मायलोमा किंवा तत्सम आजाराकडे जातो. धोका तीन गोष्टींवर ठरतो : सुळका १.५ किंवा वर आहे का, तो आयजीजी सोडून दुसऱ्या जातीचा आहे का, आणि फ्री लाइट चेनचं गुणोत्तर बिघडलेलं आहे का. तिन्ही उत्तरं 'नाही' असली तर २० वर्षांत धोका सुमारे ५ टक्के. एक 'हो' आलं तर सुमारे २१. बाबांची पहिली दोन उत्तरं 'नाही' आहेत. तिसरी तपासणी तुमच्या पत्रात नाही, आणि आता सगळ्यात आधी करायची ती हीच.

प्रत्येक प्रतिपिंडाला दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. हलक्या साखळ्या कप्पा किंवा लॅम्डा जातीच्या. प्लाझ्मा पेशी काही हलक्या साखळ्या जास्तीच्या बनवते आणि त्या सुट्या रक्तात फिरतात. याच फ्री लाइट चेन, त्या मोजायच्या. कप्पा लिटरला ३.३ ते १९.४ मिलिग्रॅम आणि लॅम्डा ५.७ ते २६.३, ही नेहमी वापरली जाणारी मर्यादा. गुणोत्तर ०.२६ ते १.६५. दोन्ही आकडे वाढलेत पण गुणोत्तर ठीक आहे, असं आलं तर घाबरू नका. टेकडी फुगलेली असली की दोन्ही वाढतात. किडनी मंदावली असेल तर गुणोत्तर ३.१ पर्यंत चालतं.

या सुट्या साखळ्या फार वाढल्या तर लघवीतून उतरतात आणि किडनीच्या नळ्या बुजवतात. इथे एक फसगत नेहमी होते. साधी लघवीची पट्टी अल्ब्युमिन ओळखते, हलक्या साखळ्या ओळखत नाही. 'प्रोटीन निल' असा रिपोर्ट येतो आणि घरचे निर्धास्त होतात. म्हणून गुणोत्तर बिघडलेलं असलं तर २४ तासांची लघवी जमवून तिचं इलेक्ट्रोफोरेसिस आणि इम्युनोफिक्सेशन करतात. जमवण्याची रीत अशी : सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दिवसरात्रीची प्रत्येक लघवी लॅबने दिलेल्या डब्यात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळची लघवीही डब्यात, आणि मग बंद. आपल्या हवेत डबा न्हाणीघरात उघड्यावर ठेवू नका, थंड जागी ठेवा. बाबा कुळागरात गेले आणि एकदा झाडाखाली उभे राहिले तर हिशोब फसला. ते लपवू नका, दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू करा.

इलेक्ट्रोफोरेसिस पुन्हा करताना काही गोष्टी सांभाळा. नमुना सीरमचा हवा. रक्त गोठू न देणाऱ्या नळीत घेतलं तर फायब्रिनोजेन शिल्लक राहतं आणि बीटा-गॅमाच्या मधे खोटा सुळका उभा करतं. लाल पेशी फुटलेल्या नमुन्यातही खोटी रेघ दिसू शकते. शक्यतो दर वेळी तीच लॅब ठेवा, कारण सुळक्याचा पाया कुठे धरायचा हे यंत्र आणि तंत्रज्ञ यांच्यावर असतं. एका लॅबमध्ये ०.८ आणि दुसरीत १.० म्हणजे वाढ झाली असं नाही. ईएसआर ७०-८० आला तर त्यावरून रोग वाढल्याचा निष्कर्ष काढू नका. ग्लोब्युलिन जास्त असलं की लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. पुढे कधी बाबांना मोगाम्युलिझुमॅबसारखं लिम्फोमावरचं इंजेक्शन देण्याची वेळ आली, तर ते औषध स्वतःच आयजीजी कप्पा प्रतिपिंड आहे, त्याचीही छोटी रेघ उमटू शकते. अशा वेळी इंजेक्शनची तारीख लॅबला सांगायची.

बोन मॅरो. आयजीजी जातीचा, १.५ च्या खालचा सुळका, फ्री लाइट चेनचं गुणोत्तर ठीक आणि इजेची खूण नाही, अशा माणसात ती लगेच करण्याची गरज नसते, आणि हाडांचं स्कॅनिंगही नाही. गुणोत्तर बिघडलेलं निघालं, हिमोग्लोबिन विनाकारण उतरू लागलं, पाठीचं किंवा बरगड्यांचं न थांबणारं दुखणं सुरू झालं, तर मात्र करायची. त्वचेच्या लिम्फोमासाठी म्हणूनही १-बी टप्प्यात ती नेहमीची तपासणी नाही.

आता एका शब्दापासून सावध करतो. बाबांच्या जुन्या बायोप्सीच्या कागदात 'टी-सेल रिसेप्टर जीन क्लोनल' असं काही असेल. नव्या कागदात 'मोनोक्लोनल' आहे. दोन्ही शब्द सारखे दिसतात म्हणून घरी वाटतं की त्वचेतलाच रोग रक्तात आला. तसं नाही. पहिला वंश टी-पेशींचा, दुसरा प्लाझ्मा पेशींचा. एक दुसऱ्यात बदलत नाही. एम-बँड सापडल्याने लिम्फोमाचा टप्पा एका पायरीनेही वाढत नाही.

रोग रक्तात उतरलाय का हे वेगळ्या तपासणीने कळतं, ती रक्ताची फ्लो सायटोमेट्री. तिच्यात सीडी-४ असलेल्या पण सीडी-७ किंवा सीडी-२६ गमावलेल्या पेशी मोजतात. मायक्रोलिटरला २५० च्या खाली असतील तर रक्त स्वच्छ धरतात, १००० आणि वर असतील तर रोग रक्तात भरला आहे. आयजीई इतकं जास्त असल्याने ही तपासणी एकदा करून घ्यावी असं आमचं मत आहे. सोबत रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम, आणि काखेत, मानेत, जांघेत गाठी चाचपून घेणं. १.५ सेंटिमीटरहून मोठी गाठ महत्त्वाची. अंगावर पुरळ, ताप, ठिकठिकाणी गाठी आणि झपाट्याने फुगणारी गॅमा असं चित्र एकत्र दिसलं तर अँजिओइम्युनोब्लास्टिक नावाचा निराळा टी-पेशी लिम्फोमा असू शकतो. बहुवंशी प्रतिपिंडांचा पूर ही त्याची खासच खूण आहे. तिथे त्वचेची नव्हे, गाठीची बायोप्सी लागते. बाबांच्या बाबतीत तुम्ही ताप किंवा गाठी लिहिलेल्या नाहीत, म्हणून हे फक्त लक्षात ठेवा.

टेकडी फुगण्याची इतर कारणंही तपासायची. हेपटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, जुनाट जंतुसंसर्ग, आणि यकृत. यकृत इथे विशेष. सिरोसिसकडे झुकलेल्या यकृतात बीटा आणि गॅमा यांच्यामधली दरी भरून जाते, त्याला लॅबवाले बीटा-गॅमा ब्रिज म्हणतात. आयजीए वाढणं हाही त्यातलाच भाग. मेथोट्रेक्सेट वर्षानुवर्षं चालू असताना यकृत जून होऊ शकतं, आणि दारूने ते आणखी वेगाने होतं. बाबा मार्च-एप्रिलात हुर्राक, ही काजूची दारू, घेत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. हंगामापुरतं म्हणूनही नको. कागदावर तो ब्रिज दिसतोय का हे विचारा आणि एसजीपीटी, प्लेटलेट पाहून फायब्रोस्कॅनची, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीची, गरज आहे का तेही.

मेथोट्रेक्सेट एम-बँडसाठी बंद करायचं नाही. सुळक्याला आज कोणतंही औषध लागत नाही, आणि त्याच्या भीतीने चालणारं औषध तोडलं तर चट्टे परततील, हे नुकसान खरंखुरं आहे. पण दोघांमध्ये एक दुवा आहे, तो किडनीचा. मेथोट्रेक्सेट किडनीवाटे बाहेर जातं. हलक्या साखळ्यांनी किडनी मंदावली तर तीच १५ मिलिग्रॅमची मात्रा अंगात साठून विषारी होते. तोंडात फोड, पांढऱ्या पेशी एकदम खाली. म्हणून क्रिएटिनिन प्रत्येक रक्ततपासणीत असायलाच हवं आणि १.० चा १.३ झाला तरी 'मर्यादेतच आहे' म्हणून सोडून देऊ नये. अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणायचं नाही. को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटबरोबर कधीच नाही, दोन्ही मिळून बोन मॅरो दाबून टाकतात. आणि गोळी आठवड्यातून एकदाच. वार ठरवा, तो कॅलेंडरवर लिहा, फॉलिक अ‍ॅसिडचा वार वेगळा ठेवा. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत, म्हणून हे ठासून सांगतो.

आता आयजीई आणि मासळी. मासळी आजच सुरू करा. आयजीई वाढणं म्हणजे अमुक पदार्थाची अ‍ॅलर्जी असणं नव्हे. ज्याचं एकूण आयजीई हजारोंत आहे त्याचं अ‍ॅलर्जी पॅनल केलं तर बांगडा, सुंगटं, गहू, दूध, धूळ अशा दहा-वीस गोष्टींपुढे खोटं 'पॉझिटिव्ह' उमटतं आणि माणूस एकेक पदार्थ सोडत सुटतो. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत ओठ सुजणं, गांध्या उठणं, दम लागणं असं काही होत नसेल तर अ‍ॅलर्जी धरायची नाही. बाबांचं अल्ब्युमिन ३.६ आहे, काठावरचं. कातडीवाटे कोंडा झडतो तेव्हा प्रथिनंही जातात. त्यांना शीत-कडीतली मासळी हवीच. तिने एम-बँड वाढत नाही. तो खाण्यातल्या प्रथिनांनी बनत नाही.

आयजीईचं जे दुसरं कारण शोधायचं म्हटलं ते जंत. कुळागरातल्या ओल्या मातीत अनवाणी वावरणाऱ्या माणसात हुकवर्म आणि स्ट्राँगिलॉइडिस पायाच्या कातडीतून शिरतात आणि आयजीई, इओसिनोफिल दोन्ही वाढवतात. स्ट्राँगिलॉइडिस वर्षानुवर्षं गुपचूप राहतो आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, विशेषतः तोंडाने स्टेरॉइड, सुरू झाली की उसळून जिवावर बेततो. शौचाची तपासणी तीन वेगवेगळ्या दिवसांच्या नमुन्यांवर करा, एका नमुन्यात तो सहज निसटतो. जमल्यास रक्तातली स्ट्राँगिलॉइडिस तपासणीही. निघाला तर औषध सोपं आहे.

याच आयजीईमुळे आणखी एक धोका संभवतो. नवीन डॉक्टर जुने कागद न पाहता चट्टे आणि २४०० चा आकडा पाहून 'एक्झिमा' म्हणतील आणि सायक्लोस्पोरिन किंवा ड्युपिलुमॅब सुचवतील. सायक्लोस्पोरिनने टी-पेशी लिम्फोमा झपाट्याने वाढल्याची आणि ड्युपिलुमॅबनंतर दबलेला लिम्फोमा उघडा पडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. बायोप्सीचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाइलच्या सर्वात वर ठेवा.

मामांचं म्हणणं राहिलं. एम-बँडचं प्रतिपिंड एकाच साच्याचं, त्याचा जंतूंशी सामना करायला उपयोग शून्य. टेकडीतली वाढही चुकीच्या हुकमाने झालेली. उलट टी-पेशी रोगी आणि वर मेथोट्रेक्सेट, म्हणजे बाबांची संसर्गाशी लढण्याची ताकद कमीच आहे. या लिम्फोमाच्या पुढच्या टप्प्यात माणूस अनेकदा रोगाने नव्हे, कातडीवाटे शिरलेल्या जंतुसंसर्गाने दगावतो. त्यात स्टॅफिलोकॉकस मुख्य, आणि तो रोगी टी-पेशींना चिथावतोही. त्यामुळे कातडीची निगा हा इथे औषधाचाच भाग आहे.

चट्ट्यांतून पाणी येत असेल, पिवळी खपली धरत असेल, तर डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोनदा सौम्य ब्लीचचं पाणी वापरता येतं. २० लिटरची बादली कोमट पाण्याने भरा, त्यात ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे. ढवळा. मऊ सुती फडकं भिजवून मानेखालच्या चट्ट्यांवर १० मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा, टिपून घ्या आणि तीन मिनिटांच्या आत मलम किंवा खोबरेल लावा. ब्लीचमध्ये फरशी किंवा संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू निघतो. उघड्या, रक्त येणाऱ्या भेगांवर हे करायचं नाही. दमा असेल तरी नाही. ब्लीच जुनं असेल तर त्याची ताकद उतरलेली असते, म्हणून अंदाजाने जास्त ओतण्याऐवजी नवी बाटली आणा.

पावसाळ्यात कुळागरात जाताना गमबूट आणि लांब बाह्या. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस फाटक्या कातडीवाटे सहज शिरतो. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर घरी पॅरासिटामॉलवर दोन दिवस काढू नका, त्याच दिवशी दाखवा. काजूच्या हंगामात बिया फोडणं, भाजणं दुसऱ्याने करावं. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि मग नवा चट्टा रोगाचा की तेलाचा हे कळत नाही. इन्फ्लुएंझाची लस दर वर्षी पावसाआधी, न्यूमोकॉकसची डॉक्टर सांगतील त्या क्रमाने. जिवंत जंतूंच्या लशी विचारल्याशिवाय नकोत.

कुठे दाखवायचं? त्वचेचे डॉक्टर आणि रक्तविकाराचे डॉक्टर, दोघांनी एकच फाइल पाहायला हवी. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग विभागात जात असाल तर तिथूनच रक्तविकाराच्या मतासाठी चिठ्ठी मागा. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जायचं ठरलं तर बायोप्सीचा फक्त कागद नेऊन भागत नाही, काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे लागतात. ते लॅबकडून मागून घ्यायला दिवस जातात, म्हणून तिकीट काढण्याआधी अर्ज द्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड सोबत असू द्या आणि कुठल्या तपासण्या त्यात बसतात हे भरती होण्याआधी विचारा.

आता क्रम. या महिन्यात फ्री लाइट चेन, फ्लो सायटोमेट्री, एलडीएच, हेपटायटिस आणि एचआयव्ही, शौचाचे तीन नमुने. सहा महिन्यांनी त्याच लॅबमध्ये इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन. सुळका जिथल्या तिथे असेल तर त्यानंतर वर्षातून एकदा. कमी धोक्याच्या माणसाला दोन-तीन वर्षांनी केलं तरी चालतं, पण बाबांचं रक्त मेथोट्रेक्सेटसाठी घेतलंच जातं, त्यात एक नळी जास्त. घरी एक वही करा : तारीख, एम-बँड, कप्पा, लॅम्डा, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, आणि चट्टे अंगाचा किती भाग व्यापतात. चट्टे मोजायला बाबांचाच पंजा वापरा, बोटांसकट एक पंजा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का.

आणि मधल्या काळात यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका : लघवीला न विरणारा फेस, पायांवर सूज, जीभ जाड होणं, मार न लागता डोळ्यांभोवती जांभळे डाग, हातापायांची बधिरता, रात्री झोपमोड करणारं हाड दुखणं. यातले डोळ्यांभोवतीचे डाग आणि जिभेची जाडी अमायलॉइडची खूण असते, म्हणजे हलक्या साखळ्या अवयवांत साचू लागल्याची. तिथे सुळका ०.८ इतका लहान असला तरी तो निरुपद्रवी राहत नाही, आणि त्या दिवशी रक्तविकाराच्या डॉक्टरांकडे जाताना वही आणि इलेक्ट्रोफोरेसिसचे सगळे कागद, रेघ छापलेले, सोबत घ्या. नुसता आकडा फोनवर सांगू नका.